म्हस्के मॅडमचा पाव्हणा

म्हस्के मॅडमचं नाव वत्सला होतं, हे शाळेत फार थोड्यांना माहीत होतं. ज्यांना होतं ते ते तोंडातून काढत नसत. एकदा नव्याने आलेल्या गणिताच्या सरांनी स्टाफरूममध्ये "काय वत्सलाताई" अशी हाक मारली आणि स्वतःच हसले. मॅडमनी त्यांचा हात कौतुकाने घ्यावा तसा हातात घेतला आणि दाबला. हसत हसतच दाबला. सरांना पुढे कितीतरी दिवस फळ्यावर डाव्या हाताने लिहावं लागलं.

मेहकरच्या त्या शाळेत मी मराठी शिकवायची आणि त्या पी.टी.च्या. घरंही लागून, मधे एकच भिंत. म्हणजे दिवसा शाळेत आणि संध्याकाळी भिंतीतून, त्यांचा आवाज मला सारखाच ऐकू यायचा. अंगाने बुटक्या, रुंद. मनगटं गड्यासारखी. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. शिट्टी त्या क्वचितच वाजवत. त्यांचा हात पुरेसा होता.

आज अशा शिक्षिकेला कोणी शाळेच्या फाटकातही उभं करणार नाही, आणि ते बरंच आहे. पण तेव्हा आईबापच पोराला दंडाला धरून आणून सोडायचे, "मॅडम, याचं काही तरी करा." मॅडम करत. प्रार्थनेच्या मैदानावर त्यांची चापट बसली की कडुनिंबावरची पाखरं उडायची. "मी शिक्षा नाही करत बे," त्या पोराला म्हणायच्या, "आठवण ठेवून देते." मग मधल्या सुट्टीत त्यालाच बोलावून आपल्या डब्यातली अर्धी भाकरी पुढ्यात ठेवत आणि त्याचं खाणं होईपर्यंत कमरेवर हात देऊन उभ्या राहत. रडत रडत खाल्लेलं त्यांना चालत नसे. त्यासाठी आणखी एक बसे.

कबड्डी हा त्यांचा जीव. बुलडाण्याला एकदा आमच्या मुलींनी अंतिम सामना जिंकला. शेवटच्या चढाईच्या आधी कॅप्टन पोरगी घाबरून रडली होती. सामना संपल्यावर टाळ्या चालू असताना मॅडमनी आधी तिच्या कानाखाली वाजवली आणि मग तिला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली. पोरगी गाल धरून हसत होती. तो फोटो आमच्या शाळेत कित्येक वर्षं टांगलेला होता. फोटोत तिचा एक गाल लाल आहे, पण फोटो काळापांढरा असल्यामुळे दिसत नाही.

त्यांच्या नवऱ्याचं मला त्यांनीच सांगितलं. आम्ही दोघी अंगणात तूर पाखडत बसलो होतो. नवरा तहसीलमध्ये कारकून, दिसायला गरीब. लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्याने त्यांना पट्ट्याने मारलं. कारण लागत नसे. "मी मोजत नव्हती," मॅडम सूप झटकत म्हणाल्या. "एक दिवस शाळेतले कसरतीचे लाकडी मुदगल रंगवायले घरी आणले होते. तो पट्टा काढून राह्यला होता. मी एक मुदगल उचललं आन् त्याच्या मनगटावर ठेवून देलं. एकदाच."

"मग?"

"मग काय. दवाखान्यात त्यानं सायकलीवरून पडलो म्हणून सांगतलं. त्याच्यानंतर आमचं बरं चाललं. तो माह्यासंग बोलाय लागला."

मी त्यांना ओळखायला लागले ते यानंतरच्या काळात. म्हस्के भाऊजी वाकड्या मनगटाने तुळशीला पाणी घालायचे आणि संध्याकाळी दोघं ओट्यावर बसून रेडिओ ऐकायचे. ते अचानक गेले तेव्हा मॅडम रडल्या नाहीत. माणसं जमेपर्यंत नीट बोलल्या, पाणी विचारलं. मग मागच्या खोलीत गेल्या आणि दाराच्या चौकटीवर मुठी मारू लागल्या. आम्ही दोघीतिघींनी धरलं तेव्हा बांगड्यांचे तुकडे मनगटात रुतले होते आणि चौकटीला रक्त लागलं होतं. ते रक्त त्यांनी पुसू दिलं नाही. पुढच्या रंगात ते झाकलं गेलं.

निवृत्त झाल्या आणि गल्लीने धास्ती घेतली. एवढी ताकद, आणि दिवसभर घरी. पहिल्याच महिन्यात भाजीवाल्याचा तराजू वाकला, समोरच्या घराच्या कुत्र्याने वाट बदलली, आणि माझ्या भिंतीवर पलीकडून काहीतरी सतत आपटत राही. विचारलं तर म्हणाल्या, "चेंडू. हात आखडतात."

त्यांची मुलगी पुण्याला असते. ती दिवाळीत आली आणि तिने मॅडमच्या फोनवर एक खेळ घालून दिला. ती स्वतः सकाळी फिरायला जाताना तो खेळायची. खेळ असा: फोनवर आपल्या भागाचा नकाशा येतो, आणि नकाशावर ठिकठिकाणी गोल काढलेले असतात. एखादं देऊळ, एखादी बारव, एस.टी. स्टँड, तळ्याचा काठ. आपण खरोखर तिथे चालत जायचं, त्या गोलात उभं राहायचं. कडेची रेघ हळूहळू भरत येते आणि पूर्ण भरली की ती जागा आपल्या नावावर. दुसरा खेळणारा तिथे येऊन उभा राहिला की ती त्याची. बस. बक्षीस नाही, पैसा नाही.

"याच्यात मजा काय आहे?" मी विचारलं.

"सुलभा," त्या म्हणाल्या, "ही कबड्डी हाये. फक्त मैदान मोठं हाये."

मेहकरात दुसरं कोणी खेळतच नव्हतं. कंचनीच्या महालापासून पैनगंगेच्या पुलापर्यंत सगळं गाव मॅडमनी दिवाळीच्या सुट्टीतच घेऊन टाकलं. मग त्या बाहेर पडल्या. बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट. सकाळी भाकरी बांधायची, पाण्याची स्टीलची मोठी बाटली भरायची, पिशवी खांद्यावर टाकायची आणि माझ्या खिडकीतून ओरडायचं, "आज चिखलीवर चढाई!" खेळात त्यांनी स्वतःचं नावही तेच घेतलं होतं, 'चढाई'. लोणार, देऊळगाव राजा, मोताळा, रोहिणखेडची ती जुनी मशीद. ज्या बाईने पस्तीस वर्षं शाळेचं मैदान सोडलं नव्हतं, तिने वर्षभरात अर्धा जिल्हा पालथा घातला. सांगायच्याही मोठं गोड. रोहिणखेडला मशिदीच्या दगडी कमानीखाली ऊन कसं पडतं, लोणारच्या धारेवर पाणी किती गार आहे. मी म्हणायची, मॅडम, तुम्ही लिहा. त्या म्हणायच्या, "ते तुमचं काम. माहं काम जागा मारायचं."

हात मात्र सोबत असायचाच. एकदा मला बळेच सुलतानपूरला नेलं. बसमध्ये गर्दी. आमच्या पुढे एक कॉलेजची पोरगी उभी होती आणि तिच्या मागे चाळिशीचा एक इस्त्रीच्या कपड्यातला माणूस. मी काही पाहिलं नाही. मॅडमनी पाहिलं. त्यांनी त्याला हाक मारली नाही, काही विचारलं नाही. त्याच्या त्या हाताचं एक बोट धरलं आणि उलटं केलं. तो किंचाळला तसं त्याचं तोंड दांड्यावर आपटलं. रक्त, दात, गोंधळ. कंडक्टर म्हणाला, गाडी पोलीस स्टेशनला घेतो.

"नेजा त्याले," मॅडम म्हणाल्या, "पण आधी आम्हाले सुलतानपूरले उतरवा. माही जागा जाऊन राह्यली."

मॅडमनी त्या पोरीला शेजारी बसवलं, बाटलीतलं पाणी दिलं आणि उरलेल्या प्रवासात बोट नेमकं कुठे धरायचं ते तिला माझ्या बोटावर शिकवलं. माझं बोट दोन दिवस दुखलं.

जागा जात होती ती एकाच माणसामुळे. खेळात त्याचं नाव होतं 'पाव्हणा'. त्याच्या बाकीच्या जागा खामगावकडच्या, म्हणजे तिकडूनच येत असावा. मॅडमनी घेतलेली जागा तो आठवड्याच्या आत घेऊन टाकायचा. मॅडम लोणारहून घरी येऊन पाय धुतात न धुतात तोच फोन वाजायचा आणि भिंतीतून मला ऐकू यायचं, "आला वाटते मेला!" तो कोण, किती वयाचा, काही कळायला मार्ग नव्हता. मॅडमची खात्री होती की एखादं मोटारसायकलवरचं माजलेलं पोट्टं आहे. "एक दिवस गोलात सापडंल," त्या म्हणायच्या. "तंगडी मोडीन त्याची. मग बसंल खामगावात."

मी हसायची. पण त्यांचा चेहरा पाहून मला वाटायचं, सापडू नये बिचारा.

तो सापडला त्या दिवशी मी सोबत होते.

सुलतानपूरच्या पुढे, फाट्यावरून आत एक गाव आहे. नाव लिहीत नाही. त्या गावाच्या मारुतीच्या पारावर खेळात नवीन जागा उघडली होती, कोणाच्याच नावावर नसलेली. मॅडमना ती सकाळी दिसली आणि दहाच्या बसने आम्ही निघालो. त्या दिवसांत आमच्या भागात सगळ्यांच्या फोनवर एकच गोष्ट फिरत होती, पोरं पळवणारी टोळी आली आहे म्हणून. अनोळखी माणूस दिसला की पकडा. मी मॅडमना ते बसमध्ये वाचून दाखवलं. "रिकामे धंदे," त्या म्हणाल्या.

बस आम्हाला उतरवून वळून गेली. पाराजवळ माणसं जमली होती, वीस-पंचवीस तरी असतील. मला आधी वाटलं भांडण आहे. मग आवाज ऐकू आला. गादी झटकताना येतो तसा. मधेमधे एक माणूस "नाही हो, नाही हो" म्हणत होता. त्याच्या आवाजात आता ताकद नव्हती.

"पोरं पळवणारा पकडला," एक बाई आम्हाला दारातून म्हणाली. "शाळेभोवती चकरा मारत होता. मोबाइल घेऊन. किसनचा नातू सकाळपासून सापडत नाही."

माणसांच्या पायांतून मला तो दिसला. पोट्टं नव्हतं. पासष्टीचा, काटकुळा. डोळ्यांवर ऑपरेशननंतर देतात तसला काळा चश्मा होता, त्याची एक काच फुटून गालात घुसली होती. तोंडाला धुळीसाठी बांधलेला रुमाल गळ्यात फासासारखा आवळला होता आणि एक जण त्याच रुमालाला धरून त्याला ओढत होता. एका पायात बूट नव्हता. कोणी पट्ट्याने मारत होतं, कोणी चपलेने. एकाच्या हातात बैलगाडीच्या जुवाची लाकडी शिवळ होती. जो येई तो एक मारून बाजूला होई आणि पुन्हा मागून येई. त्याची स्कूटी ओढ्याकडे उलटी पडली होती.

त्याचा फोन आमच्या पायाशी धुळीत पडला होता. काच तडकलेली, पण चालू. त्यावर नकाशा होता, मारुतीचा पार होता, आणि गोलाची रेघ अर्धी भरली होती.

मॅडमनी त्या फोनकडे पाहिलं. मग हातातल्या स्वतःच्या फोनकडे.

"अवो," त्या म्हणाल्या, "हा तं पाव्हणा हाये."

आणि त्या आत शिरल्या. मी त्यांना पदर धरून थांबवणार होते, पण हातात फक्त पिशवी आली. बाटली त्यांनी काढून घेतली होती. पहिला जो आडवा आला त्याच्या नाकावर ती बाटली बसली आणि तो नाक धरून खालीच बसला. दुसऱ्याच्या नडगीवर कॅनव्हासचा बूट. ज्याने रुमाल धरला होता त्याचं मनगट मॅडमनी दोन्ही हातांनी पिरगाळलं, तेव्हा हाड मोडल्याचा आवाज मी रस्त्यावरून ऐकला. क्षणभर माणसं मागे सरली. म्हातारी बाई मारते आहे हे त्यांना कळायलाच वेळ लागला. मॅडम त्या माणसाच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभ्या राहिल्या.

"हात लावून पाहा," त्या म्हणाल्या. "हा माहा माणूस हाये."

मी पोलिसांना फोन लावून गावाचं नाव सांगत होते.

"तुमचा माणूस हाये तं नाव सांगा त्याचं!" कोणीतरी ओरडलं.

मॅडमना नाव माहीत नव्हतं. वर्षभर ज्याला शिव्या दिल्या त्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहत होते. त्यांनी खाली पाहिलं. तो माणूस रक्ताच्या तोंडाने वर बघत होता.

"पाव्हणा हाये," मॅडम म्हणाल्या. "माहा पाव्हणा हाये."

जमाव थबकला. पाहुणा म्हटल्यावर आमच्याकडे माणूस थबकतोच. दोघातिघांच्या हातातल्या वस्तू खाली आल्या. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "पाव्हण्याचं नाव मालूम नाही हिले! हे बी त्याच टोळीतली हाये!" आणि पुन्हा सगळे पुढे आले.

पुढे आला तो विलास. त्याला मी ओळखलं आणि मॅडमनीही. आमच्याच शाळेत होता, या गावाहून सायकलने यायचा. मॅडमनी त्याला कबड्डीत घडवला, जिल्ह्याच्या संघापर्यंत नेला. त्याच्याइतकी चपळ चढाई त्यांनी दुसऱ्या मुलात पाहिली नव्हती, असं त्या निवृत्तीच्या भाषणातही म्हणाल्या होत्या. आता तिशीचा झाला होता. दोन्ही हातांत धरलेली एक काठी.

"विलास," मॅडम म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "काठी टाक."

तो थांबला. त्याचा चेहरा शाळेतल्यासारखा झाला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"मॅडम, तुम्ही बाजूले व्हा."

"टाक म्हणलं ना बे."

"व्हा ना बाजूले!" तो रडवेला ओरडला. मागची माणसं त्याला ढकलत होती, मार, मार म्हणत होती. आणि त्याने मारलं. काठी मॅडमच्या डाव्या खांद्यावर बसली. त्या गुडघ्यावर आल्या. उजव्या हाताने त्यांनी बाटली फेकली, ती त्याच्या जबड्यावर लागली आणि तो तोंड धरून मागे गेला. मग मला मॅडम दिसेनाशा झाल्या. फक्त पाठी आणि वर जाणारे हात दिसत होते.

मी शाळेकडे पळाले. देवळाच्या मागेच दोन खोल्यांची शाळा. मुख्याध्यापकांनी भीतीने फाटकाला कुलूप लावलं होतं आणि पोरांना आत कोंडून बसले होते. मी फाटक हलवत ओरडले, "किसनचा नातू कोण? किसनचा नातू सापडत नाही म्हणून माणूस मारतायत!" सर दारात आले. त्यांनी वर्गाकडे वळून पाहिलं. शेवटच्या ओळीत एक पोरगं बिस्किट खात बसलं होतं. आजीला न सांगता दप्तराशिवायच शाळेत आलं होतं.

सरांनी त्याला उचललं, खांद्यावर बसवलं आणि ते पाराकडे धावले. "हे पाहा पोरगं! हे पाहा!" ते ओरडत होते. पोरगं घाबरून मोठ्याने रडायला लागलं, आणि त्या रडण्याने माणसं थांबली. सरांच्या सांगण्याने नाही. एकेक जण वळून बघे, हातातली वस्तू पाराच्या कडेला ठेवी आणि घराकडे चालू लागे. पोलिसांची गाडी आली तेव्हा तिथे आम्ही, सर आणि ते पोरगं एवढेच होतो.

मॅडम त्या माणसावर पालथ्या पडल्या होत्या. त्यांना उचलताना समजलं की त्यांनी उजवा हात त्याच्या डोक्याखाली घातला होता. त्या हाताची बोटं ठेचली होती.

त्यांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, तिथे धातूची पट्टी बसवली. डावा हात पुढे कधी खांद्याच्या वर गेला नाही. पाव्हण्याच्या बरगड्या मोडल्या, एका कानाचं ऐकणं गेलं आणि डावा पाय कायमचा अधू झाला. त्यांचं नाव पुंडलिकराव चोपडे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले लाइनमन. बायको नाही, मुलगा दूर. बुलडाण्याच्या दवाखान्यात दोघांना भेटायला मी गेले तेव्हा मॅडम आपली सलाइनची बाटली स्वतःच बँडेज बांधलेल्या उजव्या हातात धरून पुरुषांच्या वॉर्डात त्यांच्या खाटेशी जाऊन बसल्या होत्या. नर्स ओरडत होती. मॅडमनी एकदा तिच्याकडे पाहिलं, ती गेली.

पुंडलिकरावांचे ओठ सुजले होते. त्यांनी विचारलं, "तुम्ही चढाई काय?"

"हाव," मॅडम म्हणाल्या. "आन् लोणारच्या धारेवरची जागा तुम्ही माह्यापासून तीन खेपा मारली."

पुंडलिकरावांनी बोटांवर मोजलं.

"चार," ते म्हणाले.

मॅडम एवढ्या मोठ्याने हसल्या की खांद्याच्या कळेने ओरडल्या.

जबाबात त्यांनी नावं दिली. सगळ्यांची माहीत नव्हती. विलासचं माहीत होतं, ते पहिलं दिलं. महिनाभराने विलासची आई मेहकरला आली. विलास तेव्हा अटकेत होता. त्याच्या जबड्याला तारा बांधल्या होत्या. मी मॅडमच्या स्वयंपाकघरात भाजी चिरत होते, कारण त्यांना एका हाताने चिरता येत नसे. बाई ओट्यावरच बसली. आत या म्हटलं तरी आली नाही.

"नाव मागं घ्या, मॅडम. लेकरू चुकलं. त्याच्या घरात दोन पोरी हायेत."

"नाही घेत," मॅडम म्हणाल्या.

"तुम्हाले त्यानं देव मानलं."

"मालूम हाये. तरी नाही घेत."

बाई उठली. मला वाटलं जाते आहे. पण तिने वळून मॅडमकडे पाहिलं. आता तिच्या आवाजात विनवणी नव्हती.

"तुम्हीच तं मारत होत्या त्याले. घरी गाल सुजवून यायचा. मी म्हणायची, मॅडमनं मारलं म्हणजे भल्यासाठीच मारलं. मीच पाठवायची दुसऱ्या दिवशी. मारलं की माणूस सुधरते, हे त्याले कोणं शिकवलं?"

मी चिरायची थांबले. मॅडमची अशी काही ऐकून घेण्याची सवय नव्हती. मला वाटलं आता काही फुटेल. पण त्यांचा उजवा हात नुसता पदराशी चाळवत होता. मग म्हणाल्या, "बाई, तुम्ही म्हणता ते खरं हाये. ते बी कोर्टात सांगीन. पण नाव मागं घेणार नाही."

बाई गेली. मॅडम त्या दिवशी जेवल्या नाहीत. भिंतीतून मला कसलाही आवाज आला नाही.

कोर्टात त्यांनी सांगितलंही. बचावाच्या वकिलांना हे कुठून तरी कळलं होतं आणि त्यांना वाटलं, हाती घबाड लागलं.

"तुम्ही विद्यार्थ्यांना मारहाण करत होता, हे खरं आहे का?"

"हो."

"आरोपी विलासला?"

"हो. खूप."

"म्हणजे तुमचा त्याच्यावर आधीपासून राग होता."

"नाही. तो माझा सगळ्यात चांगला खेळाडू होता."

"मग त्याचंच नाव तुम्ही का घेता?"

"कारण त्यानं मारलं," मॅडम म्हणाल्या. "आणि मी मारलं त्याची शिक्षा असेल तर तीही लिहा."

न्यायाधीशांनी लेखणी थांबवून त्यांच्याकडे पाहिलं आणि प्रश्नाचं तेवढंच उत्तर द्या म्हणून समज दिली. गावातले साक्षीदार एकामागून एक फिरले. कोणी त्या दिवशी शेतात होतं, कोणी लग्नाला. बरेच सुटले. विलास आणि आणखी दोघांना शिक्षा लागली. वरच्या कोर्टात अपील आहे, तो जामिनावर बाहेर आहे असं ऐकलं. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना मॅडमचा तोल गेला आणि मी धरलं, तर माझा हात झटकून टाकण्याऐवजी त्यांनी तो स्टँडपर्यंत धरून ठेवला.

त्यानंतर मी मुलाकडे अकोल्याला राहायला गेले. फोनवर बोलणं व्हायचं. मॅडमनी बॅटरीवरची एक स्कूटर घेतली होती आणि त्या वयात ती चालवायला शिकल्या होत्या. आठवड्यातून एक-दोनदा खामगावला जाऊन पुंडलिकरावांना मागे बसवून फिरवत. जागा अजून मारतच होत्या, पण आता गोलात दोघंही एकदम उभे राहायचे आणि कोणाच्या नावावर करायची यावरून तिथेच भांडायचे, असं त्यांनीच सांगितलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते या सोयाबीनच्या हंगामात. घराचं काही काम होतं म्हणून मी मेहकरला येत होते. खामगाव सोडल्यावर थोड्या वेळाने आमची बस एका अरुंद पुलाच्या अलीकडे थांबली. पुढे पोत्यांनी भरलेला ट्रॅक्टर आडवा होता आणि त्याच्यासमोर एक स्कूटर. ट्रॅक्टरने कट मारला असावा. मॅडम स्कूटर उभी करून ट्रॅक्टरकडे चालत निघाल्या होत्या. तीच चाल. डावा हात लोंबता, उजवी मूठ आवळलेली. ट्रॅक्टरवाला वरून ओरडत होता, शिव्या देत होता, आणि मॅडम त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडत होत्या. बसमधली माणसं मजा बघायला खिडक्यांशी आली. मी काच सरकवून "मॅडम!" अशी हाक मारली, पण हॉर्नमध्ये ती गेली.

त्यांनी पायरीवर पाय ठेवला आणि हात उचलला.

स्कूटरवर मागे पुंडलिकराव बसले होते. ओरडणं सुरू झालं तसे ते वाकत वाकत गेले होते. आता त्यांचं कपाळ गुडघ्यांना टेकलं होतं आणि दोन्ही हात डोक्यावर होते. कुबडी रस्त्यावर पडली होती.

मॅडमनी मागे वळून पाहिलं.

किती वेळ त्या तशा उभ्या होत्या मला सांगता येणार नाही. हात वर, पाय ट्रॅक्टरच्या पायरीवर. ट्रॅक्टरवाला मागे सरकून तोंडावर कोपर धरून बसला होता. मग त्या खाली उतरल्या. त्याला काही बोलल्या नाहीत. परत आल्या, कुबडी उचलून पुंडलिकरावांच्या मांडीवर ठेवली, त्यांच्या पाठीवर हात ठेवून कानाशी काहीतरी म्हणाल्या. ऐकू येणाऱ्या कानाशी. आणि एका हाताने हँडल धरून, त्यांना बसलेलंच ठेवून, स्कूटर रस्त्याच्या कडेला ढकलू लागल्या. ट्रॅक्टरवाल्याला आता धीर आला होता. तो शिव्या देत, हॉर्न वाजवत पुढे गेला. मॅडमनी मान वर केली नाही.

आमची बस त्यांच्या शेजारून गेली तेव्हाही त्या ढकलतच होत्या.